“प्रोजेक्ट ऑर लायब्ररी सापडत नाही”: जुन्या मॅक्रोंसाठी ऑफिसचं कोणतं व्हर्जन घ्यावं

दर महिन्याच्या एक तारखेला साडेदहाच्या सुमारास फोन यायचा आणि वाक्य ठरलेलं असायचं: “ताई, व्याजाची शीट परत चालत नाहीये.”

इंदूरला रामबागेत एक लहान मराठी पतसंस्था आहे. पाच संगणक, एक लॅपटॉप, दोन प्रिंटर. तिथल्या संगणकांचं काम मी बघते. ठेवींवरचं व्याज काढायचं, प्रत्येक सभासदाच्या नावाचं पत्र वर्डमध्ये तयार करायचं आणि ज्यांचा ई-मेल नोंदवलेला आहे त्यांना ते आउटलुकमधून पाठवायचं, ही सगळी कामं एका एक्सेल फाइलमधले मॅक्रो, म्हणजे फाइलीतच लिहिलेले छोटे प्रोग्रॅम, करतात. ते ऑफिस २००३ च्या काळात तिथल्या हेडक्लार्क काकांनी लिहिले. काका कुठल्याही क्लासला गेले नव्हते. एफ-वन दाबून मदतीची पानं वाचत वाचत शिकले. कोडमध्ये त्यांनी रोमन लिपीत मराठी टिपणं घातली आहेत, “इथे व्याज काढले”, “इथे मुदत संपली का ते पाहिले” अशी, त्यामुळे आज ते निवृत्त असले तरी फाइल वाचताना अडत नाही. इतकी वर्षं ही फाइल हिशेबात चुकलेली नाही.

ती टाकून नवं सॉफ्टवेअर घ्या, असा सल्ला मला वारंवार मिळतो. मला तो पटत नाही. काम बरोबर करणारं साधन फक्त ऑफिसचं व्हर्जन बदललं म्हणून अडत असेल, तर आधी व्हर्जनचं कोडं सोडवावं. अशी जुनी एक्सेल शीट, ॲक्सेस या ऑफिसच्या माहितीसाठ्याच्या प्रोग्रॅममधली सभासद-नोंद किंवा डॉसमधला पगाराचा प्रोग्रॅम तुमच्याकडेही असेल आणि नवे संगणक घ्यायची वेळ आली असेल, तर माझे जे महिने वाया गेले ते तुमचे जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी नेहमीचा आजार

लक्षण असं. बटण दाबलं की “कंपाइल एरर: कान्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी” ही खिडकी येते आणि कोडमधला एक शब्द निळा होतो. गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे तो शब्द अगदी साधा असतो: ‘डेट’, ‘लेफ्ट’, ‘फॉरमॅट’. आजची तारीख विचारणारी ओळ चुकेल कशी? म्हणून माणूस त्या ओळीतच चूक शोधत बसतो, आणि तिथे काहीच नसतं.

मी पहिल्यांदा ऑफिस ‘रिपेअर’ केलं. पुढच्या महिन्यात काढून परत टाकलं. तिसऱ्या महिन्यात वैतागून पेन ड्राइव्हवरची जुनी प्रत उघडली, आणि ती त्याच संगणकावर बिनतक्रार चालली. संगणक तोच, ऑफिस तेच, फक्त प्रत वेगळी. म्हणजे दोष संगणकात नव्हता. फाइल बदलली होती.

मग शेवटचा बदल कोणी साठवला ते फाइलच्या माहितीत पाहिलं. अध्यक्षांच्या खोलीतल्या नव्या लॅपटॉपचं नाव दिसलं. काउंटरच्या संगणकांवर ऑफिस २०१० होतं आणि लॅपटॉपवर २०२१. अध्यक्ष महिनाअखेरीला फाइल उघडून आकडे बघत, एखादा शेरा लिहीत आणि सेव्ह करून बंद करत. त्यांचं काहीच चुकत नव्हतं.

आत काय घडतं ते सांगते. मॅक्रोला वर्ड किंवा आउटलुककडून काम करून घ्यायचं असेल तर त्या प्रोग्रॅमची लायब्ररी, म्हणजे त्याला देता येणाऱ्या आज्ञांचा संच, सहसा जोडतात, आणि ही जोडणी फाइलमध्ये व्हर्जनच्या क्रमांकासकट साठवली जाते. ऑफिसचे आतले क्रमांक वेगळे आहेत: २००३ म्हणजे ११, २००७ म्हणजे १२, २०१० म्हणजे १४, २०१३ म्हणजे १५, आणि २०१६, २०१९, २०२१, २०२४ व मायक्रोसॉफ्ट ३६५ हे सगळे १६. तेरा क्रमांक वापरलेलाच नाही. १४ ची जोडणी असलेली फाइल १६ वर उघडली की एक्सेल ती मुकाट्याने १६ करतं, आणि सेव्ह केलं की ती तशीच फाइलमध्ये राहते. हीच फाइल परत १४ वर आली की एक्सेल १६ ची लायब्ररी शोधतं, ती मिळत नाही, आणि जोडणी तुटलेली राहते. वर चढणं आपोआप होतं, खाली उतरणं होत नाही. एक जोडणी तुटली की बाकीच्या शब्दांचा अर्थ लावणंही अडतं, म्हणून खिडकी बिचाऱ्या ‘डेट’वर बोट ठेवते. एक्सेलची स्वतःची लायब्ररी मात्र दोन्ही दिशांनी जुळवून घेते. म्हणून ज्या फाइली फक्त एक्सेलपुरत्या आहेत त्यांना हा त्रास होत नाही, आणि ‘माझी दुसरी फाइल तर चालते’ असं म्हणत आपण आणखी फसतो.

खात्री करायला ऑल्ट आणि एफ-इलेव्हन दाबा, ‘टूल्स’मध्ये ‘रेफरन्सेस’ उघडा. तो पर्याय फिका दिसत असेल तर मॅक्रो अर्धवट थांबलेला आहे. वरचं चौकोनी ‘रीसेट’ दाबा, मग तो उघडेल. यादीत कुठेतरी ‘मिसिंग’ हा शब्द दिसला की रोग सापडला. त्या ओळीची खूण काढायची, खाली स्क्रोल करून स्वतःच्या व्हर्जनची तीच लायब्ररी निवडायची, सेव्ह. हा झाला त्या दिवसापुरता उपाय. लॅपटॉपवर फाइल पुन्हा उघडून सेव्ह झाली की पुन्हा तेच.

कायमचा उपाय कोडमध्ये आहे. वर्ड आणि आउटलुकच्या जोडण्या काढूनच टाकायच्या. जिथे चल (व्हेरिएबल) ‘आउटलुक डॉट ॲप्लिकेशन’ असा जाहीर केला आहे तिथे नुसतं ‘ऑब्जेक्ट’ लिहायचं आणि वस्तू ‘क्रिएटऑब्जेक्ट’ने मागवायची. मग चालवताना त्या संगणकावर जे व्हर्जन असेल ते आपोआप पकडलं जातं. मात्र एक मेहनत आहे. जोडणी काढली की त्या लायब्ररीतली ठरलेली नावं ओळखीची राहत नाहीत, तिथे आकडे घालावे लागतात: नवीन मेलसाठी ०, वर्डमधून पीडीएफ करण्यासाठी १७. असा एखादा शब्द राहून गेला तर कोड त्याला रिकामा चल समजून पुढे जातं, आणि पीडीएफच्या जागी भलतीच फाइल तयार होते. म्हणून प्रत्येक मॉड्यूलच्या डोक्यावर ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ असलंच पाहिजे. मग राहून गेलेला शब्द लगेच पकडला जातो. काकांच्या फाइलीत असे एकोणीस शब्द निघाले. एका दुपारचं काम होतं.

काकांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, “अगं, आमच्या वेळी सगळ्यांकडे एकच ऑफिस होतं ना, मग हे सुचणार कसं?” बरोबर आहे. पुढचं सगळं त्यांच्या याच वाक्याभोवती फिरतं.

व्हर्जन निवडायचं म्हणजे नेमकं काय निवडायचं

विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे नेहमीचे सुरक्षा-अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्याच दिवशी ऑफिस २०१६ आणि २०१९ चाही संपला. ऑफिस २०१० तर १३ ऑक्टोबर २०२० पासूनच उघड्यावर आहे. संस्थेत लोकांच्या ठेवींची माहिती आहे, म्हणून नवे संगणक घ्यायचं ठरलं. दुकानातून तंत्रज्ञ आले, त्यांनी पाचही संगणकांवर नवं ऑफिस टाकलं, आणि दुपारी चारला एकाही संगणकावर व्याजाची शीट चालेना. या वेळी खिडकी वेगळी होती: ‘या प्रोजेक्टमधला कोड ६४-बिटसाठी सुधारा, डिक्लेअर ओळींना पीटीआरसेफ लावा.’

व्हर्जन म्हणजे साल असं आपण धरून चालतो. जुन्या साधनांच्या दृष्टीने सालापेक्षा ३२ की ६४ बिट (प्रोग्रॅम एका दमात किती मोठी माहिती हाताळतो त्याचं माप) हा प्रश्न मोठा आहे, आणि तो कोणी विचारत नाही. ऑफिसची ६४-बिट प्रत पहिल्यांदा २०१० मध्ये आली. पुष्कळ वर्षं न विचारता ३२-बिटच बसायची. २०१९ पासून न विचारता ६४-बिट बसते. त्यामुळे तंत्रज्ञांनी काही चुकीचं केलं नाही. त्यांनी फक्त ‘इन्स्टॉल’ दाबलं.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. “आमचं विंडोज ६४-बिट आहे, म्हणून ऑफिस पण ६४-बिटच लागतं.” लागत नाही. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट ऑफिस उत्तम चालतं. आपल्याकडे कोणतं आहे ते ‘फाइल’, ‘अकाउंट’, ‘अबाउट एक्सेल’ इथे पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं.

६४-बिटचा खरा फायदा मोठमोठ्या फाइलींना होतो, जिथे एक्सेलला दोन-चार जीबीच्या वर स्मरण लागतं. पतसंस्थेच्या काही हजार ओळींच्या खतावणीला त्याचा उपयोग शून्य. तोटे मात्र बरेच, आणि आमच्या वाट्याला त्यातले तीन आले.

पहिला डिक्लेअर ओळींचा. विंडोजच्या आतल्या सोयी थेट वापरण्यासाठी जुने लोक या ओळी लिहायचे. काकांनी दोन लिहिल्या होत्या: काही क्षण थांबण्यासाठी ‘स्लीप’ आणि फाइल प्रिंटरला पाठवण्यासाठी ‘शेल-एक्झिक्यूट’. ६४-बिटमध्ये अशा प्रत्येक ओळीत ‘पीटीआरसेफ’ हा शब्द लागतो. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले इथेच संपतात, आणि तिथेच धोका आहे. तो शब्द म्हणजे फक्त ‘मी तपासलं आहे’ असं आपण दिलेलं वचन असतं. तपासायचं असतं ते वेगळंच. ६४-बिटमध्ये खिडकीचा किंवा स्मरणातल्या जागेचा पत्ता आठ बाइटचा असतो, आणि ‘लाँग’ हा प्रकार चार बाइटचाच राहतो. ‘स्लीप’ला नुसते मिलिसेकंद द्यायचे असतात, तिथे ‘लाँग’ चालतं. ‘शेल-एक्झिक्यूट’ खिडकीचा पत्ता घेतं आणि पत्त्याएवढंच उत्तर देतं, म्हणून तिथे दोन्ही जागी ‘लाँगपीटीआर’ करावं लागतं. सरसकट शब्द चिकटवला आणि प्रकार तसेच ठेवले तर एक्सेल कधीतरी काही न सांगता बंद पडतं. त्या दुरुस्तीला मग धागादोरा सापडत नाही. आणि कुठे ऑफिस २००७ शिल्लक असेल तर त्याला हे शब्द माहीतच नाहीत, म्हणून ‘व्हीबीए-सेव्हन’ची अट घालून दोन्ही रूपं फाइलीत ठेवावी लागतात.

दुसरा तारखेच्या छोट्या कॅलेंडरचा. ठेवीची तारीख निवडायला काकांनी फॉर्मवर मायक्रोसॉफ्टचा डेट-पिकर ठेवला होता. तो ज्या फाइलीत राहतो ती ‘एमएसकॉमसीटी-टू’ फक्त ३२-बिटची आहे. ६४-बिट ऑफिसमध्ये ती चालतच नाही, काही केल्या. ३२-बिट ऑफिसमध्ये चालते, पण नव्या संगणकावर ती असेलच असं नाही. हाताने ठेवायची झाली तर ६४-बिट विंडोजमध्ये ती ‘सिसवॉव-सिक्स्टीफोर’ या फोल्डरमध्ये ठेवावी लागते. नावं उलटी वाटतात, पण ३२-बिट फाइलींचं घर तेच आहे. ‘सिस्टिम-थर्टीटू’मध्ये ६४-बिटच्या फाइली असतात. मी शेवटी डेट-पिकर काढून साधी चौकट ठेवली आणि दिवस, महिना, वर्ष वेगवेगळे वाचून ‘डेटसीरियल’ने तारीख बनवली. ‘सीडेट’ मुद्दाम वापरलं नाही. ते विंडोजच्या प्रांत-सेटिंगवर अवलंबून असतं, आणि नव्या संगणकावर ते अमेरिकन राहिलं असेल तर ०३-०४-२०२४ म्हणजे ३ एप्रिलऐवजी ४ मार्च होतो. ठेवीच्या व्याजात एक महिन्याचा फरक पडला तर सभासद आपल्या दारात उभा राहणार, आणि बरोबरच आहे त्याचं.

तिसरा ॲक्सेसच्या दुव्याचा. जुन्या फाइली ‘जेट ४.०’ नावाच्या दुव्याने ॲक्सेसची जुनी एमडीबी फाइल वाचतात. तो फक्त ३२-बिट आहे. ६४-बिटमध्ये त्या ओळीत ‘जेट’च्या जागी ‘एस (एसीई) १२.०’ लिहिलं की बहुधा काम होतं. पण ३२-बिट आणि ६४-बिट ऑफिसचे भाग एकाच संगणकावर सरळपणे नांदत नाहीत. एक प्रोग्रॅम ६४ मागतो, दुसरा ३२, अशी ओढाताण सुरू झाली की दर आठवड्याला काहीतरी बिघडतं.

म्हणून आम्ही ६४-बिट ऑफिस पूर्ण काढलं आणि ३२-बिट टाकलं. त्याच खात्यातून, त्याच पैशात. डाउनलोडच्या पानावर ‘इतर पर्याय’ उघडले की भाषा आणि बिट निवडता येतात. आधीचं काढल्याशिवाय दुसरं बसत नाही, हे लक्षात ठेवा. पाच संगणकांना अर्धा दिवस लागला.

सालाचा प्रश्न, थोडक्यात

कुठलं साल कुठे अडतं हे माहीत असलं की निवड सोपी होते.

२००७ मध्ये सगळ्यात मोठी मोडतोड झाली. मेनू जाऊन रिबन आली, आणि जुन्या फाइलींनी बनवलेले स्वतःचे टूलबार ‘ॲड-इन्स’ या टॅबमध्ये जाऊन बसले. हरवले असं वाटलं तर तिथे बघा. फोल्डरमधल्या फाइली शोधणारी ‘फाइलसर्च’ ही सोय काढून टाकली गेली, ती वापरणारा मॅक्रो २००७ पासून पुढे कुठेच चालणार नाही. तिथे ‘डीआयआर’ वापरून लिहावं लागतं. ओळी ६५,५३६ वरून १०,४८,५७६ झाल्या, स्तंभ २५६ वरून १६,३८४. जुन्या मॅक्रोत ‘ए-६५५३६ पासून वर जा’ असं लिहिलेलं असेल आणि फाइल नव्या स्वरूपात साठवली असेल, तर त्या ओळीखालची माहिती निमूटपणे सुटते. आकडा काढून ‘रोज डॉट काउंट’ घाला.

एक्सेल २००७ पासून डीबीएफ (डॉसच्या काळातली तक्त्याची फाइल) उघडते पण डीबीएफ म्हणून साठवत नाही. आमच्या पगाराच्या जुन्या प्रोग्रॅमला डीबीएफच लागते. यासाठी लिब्रेऑफिस या मोफत संचातलं कॅल्क वापरते: उघडतंही आणि साठवतंही, फक्त उघडताना अक्षरसंच विचारतं तो बरोबर द्यायचा. लिब्रेऑफिसवर काकांचे मॅक्रो चालतील का, तेही पाहिलं. हिशेबाचा भाग बराचसा चालला, वर्ड आणि आउटलुकचा नाही. म्हणून ते फक्त डीबीएफपुरतं ठेवलं आहे.

ॲक्सेस ९७ ची फाइल असेल तर नीट ऐका. ॲक्सेस २०१० ही ती उघडून नव्या स्वरूपात बदलणारी शेवटची आवृत्ती आहे. २०१३ पासून पुढे ती उघडतच नाही. घरात कुठेतरी २०१० असेल तोवर ते काम उरकून घ्या. आमचा सर्वांत जुना संगणक भंगारात जायच्या आदल्या दिवशी मला हे आठवलं आणि जुन्या सभासदांची नोंदवही बचावली.

नव्या टोकाला दोन गोष्टी आहेत. ऑफिस २०२४ मध्ये ॲक्टिव्हएक्सची साधनं (शीटवर ठेवायची जुन्या पद्धतीची बटणं, चौकटी) सुरुवातीपासून बंद असतात, आणि एप्रिल २०२५ पासून मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्येही. शीटवरची काही बटणं दाबली जातात, काही मेल्यासारखी पडून राहतात, असं दिसलं तर कारण हेच. ‘कंट्रोल टूलबॉक्स’मधून घेतलेली बटणं ॲक्टिव्हएक्सची असतात, ‘फॉर्म्स’मधली नसतात. ट्रस्ट सेंटरमध्ये जाऊन ‘विचारून सुरू कर’ असं ठेवता येतं, पण मी सातही बटणं फॉर्म्सची करून टाकली. एकदाच करायचं काम, सेटिंगवर विसंबायला नको.

दुसरी गोष्ट नव्या आउटलुकची, आणि ती फार जणांना छळते आहे. विंडोजबरोबर येणारं ‘न्यू आउटलुक’ दिसायला आउटलुकच आहे, पण बाहेरच्या मॅक्रोचं ते ऐकत नाही. ‘क्रिएटऑब्जेक्ट’ची ओळ ४२९ क्रमांकाची चूक देते. जुनं, म्हणजे ‘क्लासिक’ आउटलुक बसवलेलं असलं पाहिजे. ऑफिसचा संच घेतानाच त्यात आउटलुक आणि ॲक्सेस आहेत का ते बघा. ॲक्सेस नसेल आणि फक्त तयार फाइल चालवायची असेल तर मायक्रोसॉफ्टचं ॲक्सेस रनटाइम फुकट मिळतं. ते मात्र बाकीच्या ऑफिसच्याच बिटचं घ्या.

जे व्हर्जनचं वाटतं पण नसतं

मेलने आलेली फाइल लाल पट्टी दाखवते आणि मॅक्रो बंद राहतात, तीच फाइल पेन ड्राइव्हवरून दिली तर चालते. काउंटरवरचे एक कर्मचारी म्हणाले, “मेलमध्ये फाइल खराब होते.” तसं नाही. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलीवर विंडोज एक अदृश्य खूण लावतं, आणि २०२२ पासून ऑफिस अशा फाइलीतले मॅक्रो बंद ठेवतं. ही खूण डिस्कच्या एनटीएफएस रचनेतच टिकते. पेन ड्राइव्ह बहुधा फॅट-३२ असतो, त्यावर कॉपी करताना खूण गळून पडते. फाइलीवर उजवी टिचकी, ‘प्रॉपर्टीज’, खाली ‘अनब्लॉक’. फाइल कोणी पाठवली ते माहीत असेल तरच. सगळे मॅक्रो सरसकट चालू करून ठेवणं हा उपाय नाही. पैशांच्या संस्थेत तर मुळीच नाही. आम्ही एक ठरावीक फोल्डर ‘विश्वासू जागा’ म्हणून नोंदवला आणि व्याजाची शीट तिथेच राहते.

मेल-मर्जमध्ये (यादीतल्या प्रत्येकासाठी एकेक पत्र तयार करताना) तारखा अमेरिकन पद्धतीने महिना आधी छापल्या जातात आणि रकमेचे दशांश लांबच लांब येतात, हे तर फार जुनं दुखणं आहे. वर्ड एक्सेलमधून कच्चा आकडा उचलतं, शीटवरची सजावट नाही. ऑल्ट आणि एफ-नाइन दाबून क्षेत्राचा कोड उघडा आणि तारखेला ‘दिवस-महिना-वर्ष’चा साचा उलटी तिरकी रेघ व ॲट-चिन्ह घालून जोडा, रकमेला हॅश-चिन्हाचा (#). महिन्याचा एम कॅपिटलच हवा, लहान एम म्हणजे मिनिटं.

आणि कृतिदेव हा जुना देवनागरी फॉन्ट. इंदुरात सरकारी पत्रव्यवहार हिंदीत, आणि आमची हिंदी पत्रं वर्षानुवर्षं कृतिदेवमध्ये. नवं ऑफिस बसलं की दर वेळी तक्रार येते: श आणि ष च्या जागी अवतरणचिन्हं उमटतात, वाक्याच्या सुरुवातीचा क अर्धा होतो. फॉन्ट बिघडलेला नसतो. कृतिदेवमध्ये श् आणि ष् हे अवतरणचिन्हांच्या कळीवर आहेत, आणि वर्ड सरळ चिन्हं आपणहून वळणदार करतं. लहान डी म्हणजे क, मोठा डी म्हणजे अर्धा क्, आणि वर्ड वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करतं. ऑटोकरेक्टमधल्या या दोन खुणा काढल्या की झालं. त्या खुणा प्रत्येक नव्या संगणकावर परत मूळपदावर येतात, म्हणून हे ‘नव्या ऑफिसचं दुखणं’ वाटतं. नवीन पत्रं आता युनिकोडमध्येच करा असं मी सगळ्यांना सांगत असते, पण जुन्या साच्यांना हात लावायला अजून वेळ मिळालेला नाही.

शेवटी आम्ही काय घेतलं

लॅपटॉपसकट सहाही यंत्रांवर एकच: ऑफिस २०२४, ३२-बिट, क्लासिक आउटलुक. त्याचा आधार ऑक्टोबर २०२९ पर्यंत आहे. मायक्रोसॉफ्ट ३६५ वाईट नाही, पण ते दर महिन्याला थोडं थोडं बदलत राहतं, आणि वीस वर्षांची शीट सांभाळायची असताना मला पायाखालची जमीन स्थिर हवी होती. तुमच्याकडे कोडची दुरुस्ती करणारं माणूस कायम हाताशी असेल तर तुमचा निर्णय वेगळा असू शकतो. एका यंत्रावर नवं आणि बाकीच्यांवर जुनं, ही सोय मात्र कधीच करू नका. आमचा सगळा त्रास तिथूनच सुरू झाला होता.

हे सगळ्या यंत्रांवर बसवण्याआधी एक काम केलं, तेही सांगते. प्रत्येक जुनं साधन कागदावर लिहिलं आणि त्यापुढे त्याला काय काय लागतं ते लिहिलं: डिक्लेअर ओळी आहेत का, फॉर्मवर परकी साधनं आहेत का, वर्ड-आउटलुकची जोडणी आहे का, एमडीबी कुठल्या सालची, डीबीएफ लागते का. दोन दिवस गेले. मग एका संगणकावर नवं ऑफिस टाकून मागच्या मार्चचं व्याज पुन्हा काढलं आणि छापील यादीशी ओळीनओळ ताडून पाहिलं. नुसतं ‘चूक दाखवली नाही’ एवढ्यावर मी थांबले नाही, कारण तारखेची गडबड चूक न दाखवताच होते.

पगाराचा डॉस प्रोग्रॅम तेवढा राहिला. तो १६-बिटचा आहे, आणि कुठलंही ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्रॅम चालवत नाही. विंडोज ११ तर ३२-बिटमध्ये येतच नाही. सध्या तो नेटवर्कबाहेर ठेवलेल्या एका संगणकावर डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉसचं सोंग घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवते. त्याची डीबीएफ कॅल्कमध्ये उघडून पगारपत्रकाची छपाई तिथूनच करते, कारण डॉसबॉक्समधून आमचा प्रिंटर ऐकत नाही. काकांनी येत्या रविवारी येऊन त्याचे हिशेबाचे नियम मला समजावून द्यायचं कबूल केलं आहे. ते एक्सेलमध्ये उतरवले की तोही संगणक नेटवर्कवर घेता येईल.